टाकीतलं खुडुक

भगवानराव डहाके यांच्या उजव्या कानाला राळेगाव तालुक्यात मान होता. ते पाणीपुरवठ्याच्या नोकरीत होते तोवर जमिनीखालचा पाइप कुठं गळतो हे शोधायला यंत्र आणायची कोणाची टाप नव्हती. भगवानराव भर रस्त्यात पालथे पडत, कान मातीला लावत, डोळे मिटत आणि हात वर करून म्हणत, "इथं खोदा." बहुतेक वेळा तिथंच पाणी निघे. नाही निघालं तर ते म्हणत, "अजून खोदा," आणि तेवढं खोदल्यावर कुदळीनं पाइप फुटायचाच, म्हणजे पाणी निघायचंच. असा हा कान निवृत्त होऊन घरी बसला होता. बिनकामाचा माणूस एक वेळ परवडतो, चहा पिऊन गप्प बसतो. बिनकामाच्या कानाचं तसं नसतं.

अधिक महिना लागला तसे भगवानराव आणि भागीरथाबाई कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाऊन आले. येताना राळेगाव जवळ आलं असेल नसेल, एका गतिरोधकावर गाडीच्या मागच्या डाव्या अंगातून आवाज आला.

खुडुक.

"काही म्हणाली का तू?" भगवानरावांनी विचारलं.

"मी कायले म्हणू?" भागीरथाबाई म्हणाल्या. "बोललं तं तुमीच म्हणता, मधात बोलू नको, गाडी चालवून राह्यलो."

पुढच्या वळणावर पुन्हा खुडुक. भगवानरावांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, रस्त्यावर गुडघे टेकले आणि सवयीनं कान पत्र्याला लावला. मे महिन्याचं ऊन, गाडीचा पत्रा तव्यासारखा तापलेला. कान चर्र झाला. पण कर्तव्य ते कर्तव्य. पोळलेला कान हातानं झाकून ते परत आत येऊन बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "पेट्रोलच्या टाकीतून येते. झाकणाच्या बरोब्बर खालून."

"मंग येऊ द्या ना. टाकीचं काम टाकी करून राह्यली."

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा आवाजाचं काय घेऊन बसलात. त्यानं धोंड्याचा महिना पाहिलेला नाही असं समजावं. तीन वर्षांनी एकदा अधिक महिना येतो, आणि त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला घरी बोलवायचं, पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे नि वर दिवा ठेवून ताट द्यायचं. मागच्या अधिक महिन्यात भगवानरावांचे जावई नयनराव पहिल्यांदा धोंडे खायला आले होते. भगवानरावांनी चुलतभावाची जुनी जीप मागून आणली, वर्ध्याच्या स्टेशनवरून जावयाला सन्मानानं बसवलं, आणि ती जीप भर पावसात वाटेतच बंद पडली. लग्नातला मोतिया कुडता घालून साक्षात विष्णूनं चिखलात उतरून जीप ढकलली. जावई काही बोलला नाही, पण अकोल्याला त्याच्या घरी सगळे बोलले. एवढंच नाही, पुढं त्यांच्याकडे सत्यनारायणाला गेले तेव्हा विहीणबाईंनी दहा बायकांत ओळख करून दिली, "हे आपल्या नयनचे सासरे. ते धक्कावाले."

धक्कावाले. ज्याच्या कानाला तालुक्यात मान, त्याला व्याह्यांच्या घरी धक्कावाले. भगवानराव त्या दिवशी प्रसादाचा शिरा न खाता उठले. त्याच दसऱ्याला त्यांनी स्वतःची नवी गाडी घेतली. घेतली ती सरळ कळंबला चिंतामणीपुढं नेली. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, गाडीत ठेवायला प्रसादाचा नारळ, सगळं यथासांग केलं. आणि आजही देवापुढं हात जोडून त्यांनी एकच मागितलं होतं. बाप्पा, या धोंड्यात एवढं नाव पुसून टाक.

आणि देवळातून निघून घरी पोचेपर्यंत गाडी खुडुक करू लागली. जावई शुक्रवारी यायचा होता.

घरी आल्याबरोबर शेजारचे किसनसिंग राठोड फाटकापाशी आले. किसनसिंग एसटीत ड्रायव्हर होते. आयुष्यभर डिझेलच्या बस चालवल्यामुळे जगातल्या कुठल्याही वाहनावर मत द्यायचा आपल्याला अधिकार आहे अशी त्यांची समजूत होती. एकदा विमान नागपूरला उशिरा उतरलं तेव्हाही त्यांनी ड्रायव्हरची चूक दाखवून दिली होती.

"टाकी अर्धी असन," किसनसिंग म्हणाले. "अर्ध्या टाकीत पेट्रोल हिंदळते. घागरीचं पाहा ना तुमी. उथळ पाण्याले खळखळाट फार."

"अहो, हे हिंदळणं नाही. हे खुडुक आहे."

"तेच ते. फुल्ल करा, चुप्प होते."

तरी दोघांनी आधी डिकी रिकामी करून पाहिली. छत्री निघाली, सतरंजी निघाली, भागीरथाबाई वर्षभर शोधत असलेला लोणच्याचा सट निघाला. डाव्या बाजूला जॅक ठेवायचा झाकणाचा कप्पा होता. किसनसिंगांनी त्यावर बोट वाजवलं. "इथं काय हाये?"

"तिथं चिंतामणीचं आहे. त्याले हात लावू नका. देवाचा थोडीच आवाज येते?"

"नाही, देवाचा कायले येईन," किसनसिंग म्हणाले, आणि त्यांनी कप्प्याला नमस्कार केला.

टाकी तोंडोतोंड भरली. पंपावरच्या पोऱ्यानं मशीन थांबलं तरी किसनसिंगांनी "अजून मावते" म्हणत दोनदा दाबायला लावलं. पंपाच्या उतारावर गाडी खाली आली आणि खुडुक. किसनसिंग म्हणाले, "आता जागा नाही ना त्याले. बाहेर यायले धडपडून राह्यलं."

ही बातमी संध्याकाळी चहाच्या वेळी धावजी आत्रामांना कळली. धावजी गुरांच्या दवाखान्यात होते, घर दोन गल्ल्या पलीकडे. गळ्यातली जनावरं तपासायची नळी तशीच घेऊन आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागून दूर उभं राहून दोन्ही बाजू सारख्या दिसतात का ते पाहिलं, मग डाव्या बाजूला उकिडवे बसून नळी पत्र्याला लावली आणि दोन बोटांनी ठोकलं. ढब. ढब.

"डावी कूस," ते म्हणाले. "बैलाले पोटफुगी होते तेही डावीकडंच. कधीपासून हाये?"

"आज दुपारपासून."

"खाल्लं काय होतं?"

"खाल्लं म्हणजे, पेट्रोल. तोंडोतोंड."

धावजींनी किसनसिंगांकडे असं पाहिलं की जणू त्यांनीच बैलाला ओली ज्वारी चारली. मग टाकीचं झाकण फिरवलं. दिवसभराच्या उन्हात तापलेली टाकी ती, झाकण सैल होताच 'फुस्स' आवाज आला आणि वासाचा भपकारा बाहेर पडला. "पाहा," धावजी म्हणाले, "वायू." निदान शास्त्रीय होतं. भगवानरावांनाही पटलं, कारण निदान त्यांच्या कानाच्या बाजूनं होतं.

उपायही तयार होता. पोटफुगीच्या जनावराचे पुढचे पाय उंचावर ठेवायचे, वायू आपोआप निघून जातो. त्याप्रमाणे गाडीची पुढची चाकं अंगणातल्या विटांवर चढवली. ते करायला तिघांना तासभर लागला आणि कुंपणाची एक फरशी फुटली. गाडी मान वर करून उभी राहिली. येणारे जाणारे थांबून पाहायला लागले. एका म्हातारबुवांनी "गाडीले काय झालं जी?" असं विचारल्यावर धावजी म्हणाले, "सकाळपर्यंत उतार पडते."

सकाळपर्यंत उतार पडला तो पेट्रोलचा. टाकी गळ्यापर्यंत भरलेली, गाडीचं बूड खाली, त्यात ऊन उगवल्याबरोबर तापलेलं. झाकणाच्या कडेनं थेंब थेंब पेट्रोल अंगणात ठिबकत होतं. सगळ्या घरात वास. भागीरथाबाई अनारशांचं पीठ भिजवून, कढईत तूप घालून तयार होत्या. त्यांनी गॅसची कळ फिरवायला हात पुढं केला, नाक वर करून हुंगलं आणि हात मागं घेतला.

"अजी, इकडं या," त्या म्हणाल्या. हा त्यांचा हळू आवाज होता. मोठ्या आवाजाला भगवानराव भीत नसत. "एक सांगा मले. या घरात अनारसे तळायचे का पेट्रोल ठेवायचं? दोन्ही होत नाही. मी काडी लावली तं जवाईबापूले धोंडे नाही, आपली राख भेटन."

मग तारिकभाईंना बोलवावं लागलं. हे आधीच करायचं होतं हे कोणाच्याही लक्षात येईल. पण आधी मेकॅनिकला बोलवणं म्हणजे आपल्या कानाला काही कळत नाही अशी जाहीर कबुली देणं. भगवानरावांचा तारिकभाईंवर राग असा नव्हता, फक्त ते आवाज ऐकायच्या आधीच गाडी खोलतात हे त्यांना पसंत नव्हतं.

तारिकभाईंनी गाडी विटांवरून उतरवली, एक चक्कर मारून आणली, आणि त्यांनाही खुडुक ऐकू आलं. भगवानरावांचा चेहरा उजळला.

"पंप ढिल्ला हुआ है भाऊ," तारिकभाई छातीवर हात ठेवून म्हणाले. "टाकी के अंदर पंप रहता, वो हिलता है. मैं कसम से बोलता, पंपइच है. टाकी खाली करना पडेंगा."

मागची सीट निघाली. नळीनं पेट्रोल कॅनांत उतरलं. कॅन अंगणात ठेवायला भागीरथाबाईंनी परवानगी दिली नाही, त्यामुळे तारिकभाईंनी ते आपल्या गॅरेजात नेऊन ठेवले. परत येऊन पंप काढला. पंप पक्का होता. बॅटरी लावून टाकीत डोकावले. टाकी स्वच्छ होती. तारिकभाईंनी पुन्हा छातीवर हात ठेवला, पण यावेळी कसम घेतली नाही. त्यांनी टाकी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. टाकी गप्प. मग पंप, सीट सगळं परत बसवलं आणि हात पुसत म्हणाले, "भाऊ, बुरा मत मानना. टाकी तो चुप है. आवाज तुम्हारे कान में होयेंगा."

"तुमच्या कानातही आला ना पण?"

"तुमने इतना बोला तो मेरे कान में भी चला गया."

हे भगवानरावांच्या वर्मी लागलं. ते आत जाऊन खोलीचं दार लावून बसले आणि त्यांनी आपल्या कानाची परीक्षा घेतली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आली. न्हाणीघरातला नळ ठिबकताना ऐकू आला. स्वयंपाकघरात भागीरथाबाई अनारसे तळत स्वतःशी जे बोलत होत्या ते तर अक्षर न अक्षर ऐकू आलं, आणि त्यात कानाचा उल्लेख बऱ्याच वेळा होता. कान शाबूत होता. म्हणजे टाकीच खोटं बोलत होती.

तारिकभाई जाताना म्हणाले होते की सकाळी येऊन पेट्रोल टाकून देतो. त्यांच्या मेव्हण्याचं लग्न महागावला होतं, रात्री जायचं, पहाटे परत यायचं. शुक्रवारी सकाळी गॅरेजला कुलूप, कुलपाआड पेट्रोल, किल्ली महागावला, आणि तारिकभाई फोन उचलेनात. लग्नाच्या घरात बँडपुढं फोन कुठून ऐकू येणार? गाडी अंगणात कोरडीठाक. आणि दुपारी वर्ध्याला रेल्वे यायची होती.

भगवानराव रिकामा कॅन घेऊन पंपावर गेले. तिथं पाटी होती, सुटं पेट्रोल मिळणार नाही.

"गाडी आणा, लगेच टाकून देतो," मॅनेजर म्हणाले.

"गाडीत पेट्रोल असतं तं इथं कायले आलो असतो?"

"ते खरं आहे," मॅनेजर सहानुभूतीनं म्हणाले. "पण कॅनमध्ये पाहिजे तर परवानगी आणा. पुरवठा विभागाची."

पुरवठा विभागातल्या बाबूंनी अर्ज नीट वाचला. कारण या रकान्यासमोर भगवानरावांनी खरं तेच लिहिलं होतं, टाकीतून आवाज येत असल्यामुळे टाकी रिकामी केली. बाबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आवाज येतो याचा दाखला पाहिजे."

"कोणाचा?"

"आरटीओचा. गाडी त्यांना दाखवावी लागेल."

"ते यवतमाळले आहेत. गाडी तिथं नेऊ कशी?"

"पेट्रोल टाकून," बाबू म्हणाले. त्यांच्या आवाजात चेष्टा अजिबात नव्हती. उलट एवढी साधी गोष्ट या वयाच्या माणसाला सांगावी लागते याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं.

भगवानराव घरी येऊन पायरीवर बसले. घामानं सदरा अंगाला चिकटला होता. ते भागीरथाबाईंना म्हणाले, "यंदाही तेच होते, मले वाटते. मी धक्कावालाच मरतो."

भागीरथाबाईंच्या हातात झारा होता. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी तो खाली ठेवला. "असं नका बोलू," त्या म्हणाल्या, आणि मग फाटकाकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "धावजीभाऊ, तुमच्याच्यानं काही होते का पाहा. तुमीच चढवली होती तिले विटांवर."

धावजींना ते लागलं. अर्ध्या तासात ते एक बैलजोडी घेऊन आले. मागच्या महिन्यात ज्या शेतकऱ्याच्या बैलाची पोटफुगी त्यांनी खरोखर बरी केली होती, त्याचीच ही जोडी. गाडीला दोर बांधला, दोर जुवाला बांधला. किसनसिंग शिटी घेऊन पुढं झाले, कारण रहदारी सांभाळायला अनुभवी माणूस पाहिजे. धावजींनी कासरा धरला. आणि स्टिअरिंगवर, काळा चष्मा लावून, कोणी ओळखू नये म्हणून टोपी पुढं ओढून, भगवानराव बसले. राळेगावात त्यांना न ओळखणारा माणूस नव्हता. आता टोपीवाले भगवानराव म्हणूनही ओळखायला लागले, एवढाच फरक.

घरी लेकीचा, अर्पिताचा फोन आला. गाडी वेळेवर लागली, बाबा कुठं आहेत? भागीरथाबाई पिठाच्या हातानं फोन धरून म्हणाल्या, "निघाले बाई, कधीचेच निघाले." ते खोटं नव्हतं. बैलजोडी तेव्हा मारुतीच्या देवळापाशी पोचली होती. अर्पितानं पुन्हा फोन केला, आणि पुन्हा केला, आणि शेवटी नवराबायको वर्ध्याहून एसटीत बसले.

इकडे रस्त्यानं वरात चालली होती. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, किसनसिंगांची शिटी, दुकानांतून बाहेर आलेले लोक, वर धरलेले मोबाइल. आणि प्रत्येक खड्ड्यात मागून, डावीकडून, खुडुक.

टाकीत थेंब नव्हता. आतला पंपही बंद होता. भगवानरावांनी काच खाली करून किसनसिंगांना बोलावलं. "अहो, टाकी रिकामी आहे आणि आवाज चालूच आहे."

किसनसिंग गाडीबरोबर चालत विचार करू लागले. "मंग सवय लागली असन तिले," ते म्हणाले.

पंप समोर दिसायला लागला तसा चढ लागला. पंपाच्या आवारात शिरायला लहानसा चढ होता, दहा पावलांचा. जोडीतला डाव्या बाजूचा बैल तिथं थांबला, त्यानं मागं वळून गाडीकडे एकदा पाहिलं, आणि तो खाली बसला. धावजींनी गोंजारलं, चुचकारलं, कानात काही सांगितलं. बैल रवंथ करू लागला. मागं एसटी येऊन उभी राहिली, रस्ता अडलेला. तिचा भोंगा वाजला. दार उघडलं आणि आतून आधी एक बॅग उतरली, मग अर्पिता, मग नयनराव.

नयनराव मोतिया कुडत्यात होते. नवा शिवलेला असावा.

भगवानरावांना आरशात ते दिसलं. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतो ते कधी म्हणतो हे त्यांना तेव्हा कळलं. काळा चष्मा काढावा की ठेवावा हेही सुचेना. नयनरावांनी बैलांकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं. बॅग अर्पिताच्या हातात दिली. बाह्या वर सरसावल्या, गाडीच्या मागं गेले आणि दोन्ही हात डिकीवर टेकवले.

"जवाईबापू, राहू द्या," भगवानराव आतून म्हणाले.

"मामाजी, ब्रेक सोडा," नयनराव मागून म्हणाले.

धावजींनी दोर सोडला आणि बसलेल्या बैलाच्या बाजूनं गाडी पंपावर चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरनी खुशाल पेट्रोल टाकून दिलं, गाडी आलेली असल्यामुळे नियमाची काही अडचण नव्हती. परतीच्या वाटेवर मारुतीच्या देवळाजवळ खुडुक झालं, तेव्हा नयनराव म्हणाले, "मामाजी, हे काय वाजून राह्यलं?" आणि भगवानरावांनी भोंगा वाजवून ते ऐकलंच नाही असं दाखवलं. उत्तर दिलं असतं तर रडू आलं असतं.

धोंड्यांचा बेत मात्र ठरल्याप्रमाणे पार पडायला लागला. पाट मांडला, रांगोळी काढली, आमरस, पुरणाचे धोंडे, तुपाची वाटी. किसनसिंग आणि धावजींनाही जेवायला थांबवलं होतं. ते भिंतीला टेकून, आज आपण कोणाच्या नजरेत फार येऊ नये अशा बेतानं बसले होते. जेवण झाल्यावर भागीरथाबाईंनी तेहतीस अनारशांचं ताट आणलं, वर दिवा लावला. कपडे आणले. मग त्या थांबल्या.

"नारळ कुठं हाये?"

घरातल्या सगळ्या तयारीत भगवानरावांकडे एकच काम होतं. नारळ आणायचा. ते काम तीन दिवस त्यांच्या डोक्यातून खुडुक आवाजाखाली दबून गेलं होतं. आता दुपार कलली तरी ऊन तसंच, बाजारात शटर खाली, किराणावाला झोपलेला. जावयाच्या हातावर नुसते कपडे कसे ठेवायचे? भगवानरावांनी कपाळावर हात मारला.

"गाडीत आहे ना," भागीरथाबाई म्हणाल्या. "चिंतामणीचा प्रसाद. त्याच्यापेक्षा चांगला कोणता?"

भगवानराव पाय धुऊन बाहेर गेले. नमस्कार करून त्यांनी जॅकचा कप्पा उघडला आणि लाल कापडातला नारळ दोन्ही हातांनी काढून, अगदी सांभाळून आत आणला. भागीरथाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. भगवानरावांनी तो जावयाच्या ओंजळीत ठेवला आणि मान खाली घातली.

आता नारळ हातात पडला की माणूस काय करतो? त्यात पाणी आहे का पाहतो. नयनरावांनी तो कानाजवळ नेला आणि हलवला.

खुडुक.

अर्पितानं तोंडाला पदर लावला. नयनरावांनी पुन्हा हलवला. खुडुक. अडीच-तीन वर्षं गाडीच्या कप्प्यात राहून, यंदाच्या उन्हात सुकून, आतलं खोबरं करवंटी सोडून मोकळं झालं होतं. गोटा झाला होता, आणि तो गोटा आत फिरत होता.

"पोटफुगी नव्हती तं," किसनसिंग हळूच म्हणाले.

"मी लक्षणावरून सांगतलं," धावजी म्हणाले.

भगवानराव पाहतच राहिले. कोपऱ्यातला पंखा, अनारशांवरचा दिवा, जावयाच्या कुडत्यावरचे दोन्ही तळव्यांचे धुळीचे ठसे, सगळं त्यांच्यापुढं फिरायला लागलं. टाकी खोलली. बैल आणले. ज्या कानानं तालुक्याच्या जमिनीखालचं पाणी ऐकलं, त्याला हातभर अंतरावरचा नारळ ओळखू आला नाही.

नयनरावांनी नारळ पायरीच्या दगडावर आपटला. करवंटी दुभंगली आणि गोटा उडून अंगणात गेला, पाण्याचा टिपूस नाही. त्यांनी दोन्ही करवंट्या उचलल्या, उलट्या करून पाहिल्या आणि अतिशय गंभीर चेहऱ्यानं सासऱ्यापुढं आले.

"मामाजी, याच्यात पाणी होतं ना पहिले?"

"होतं," भगवानराव खालच्या मानेनं म्हणाले.

"मंग गेलं कुठं? कुठंतरी गळती असन. जरा कान लावून पाहा ना."

आणि सवयीचा माणूस काय करणार. भगवानरावांनी करवंटी घेतली, डोळे मिटले आणि उजवा कान लावला. मग त्यांनी डोळे उघडले, करवंटीच्या तीन डोळ्यांपैकी एकावर बोटानं टिचकी मारली आणि म्हणाले, "शेंडीकडून गेलं."

पहिले हसले ते नयनराव. मग भागीरथाबाई पदरात तोंड घालून, मग धावजी, मग किसनसिंग, आणि शेवटी, थोडा वेळ रुसवा धरून पाहिल्यावर, भगवानराव स्वतः. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. गोटा धुऊन, कापून, गुळासोबत सगळ्यांनी खाल्ला. चांगला तेलकट झाला होता.

निघताना नयनराव गाडीत बसता बसता म्हणाले, "मामाजी, आता अकोल्याले जीपची गोष्ट कोण ऐकते? ही सांगतो. बैलांसकट सांगतो."

दिवाळीत व्याह्यांकडे जाणं झालं. विहीणबाईंनी दारातच स्वागत केलं, आतल्या बायकांना हाक मारली आणि ओळख करून दिली, "हे आपल्या नयनचे सासरे. ते नारळवाले."

भगवानरावांनी शांतपणे चप्पल काढली. कळंबच्या दिशेनं हात जोडले. नाव पुसून टाक एवढंच त्यांनी मागितलं होतं, आणि ते पुसलं गेलं होतं.